जामीनदाराला सगळ्यांत शेवटी का कळते?

कर्ज एकाचे आणि जप्ती दुसऱ्याच्या दारात, अशी बातमी आली की आपल्याकडे दोन ठरलेले सूर लागतात. पहिला : ‘सही करताना डोळे मिटले होते का? जामीन राहिलात ना, मग भरा.’ दुसरा : ‘चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्याने पैसे खाल्ले त्याला धरा, जामीनदाराला मोकळे करा.’ दोन्हीकडची मंडळी तावातावाने बोलतात, आणि सही व जप्ती यांच्या मधल्या काळाकडे कुणीच ढुंकून बघत नाही. पाच-सात वर्षे तर सहज गेलेली असतात. त्या वर्षांत हप्ते थकल्याचे ऋणकोला ठाऊक असते, धनकोला ठाऊक असते आणि ज्याच्या दारात शेवटी बेलीफ उभा राहणार त्याला पत्ताही नसतो. जामीनदाराची जबाबदारी पूर्ण राहावी, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या काळात त्याला अंधारात ठेवले, त्या काळाचा भुर्दंड अंधारात ठेवणाऱ्याने सोसावा, असे माझे म्हणणे आहे.

या वादातला पहिला घोळ शब्दाचा आहे. मराठीत आरोपीला ‘जामीन’ मिळतो, त्याच्यासाठी दुसरा कुणी ‘जामीन’ राहतो आणि पतसंस्थेच्या कर्जालाही माणूस ‘जामीन’च राहतो. जुनी भाषा याबाबतीत जास्त काटेकोर होती. हाजीरजामीन वेगळा, मालजामीन वेगळा. पहिला माणूस हजर करण्याची हमी देणारा, दुसरा पैशाची. त्याच्याही कितीतरी आधी याज्ञवल्क्यस्मृतीने प्रतिभूचे, म्हणजे जामीनदाराचे, तीन प्रकार सांगून ठेवले : हजर करण्यासाठी, विश्वास देण्यासाठी आणि पैसे देण्यासाठी. पहिल्या दोघांचा शब्द खोटा ठरला तर त्यांनी स्वतः भरावे, तिसऱ्याच्या बाबतीत मात्र मुलांवरही बोजा. ही वाटणी आजच्या कायद्यातही दिसते. आरोपीचा मुचलका, म्हणजे हजर राहण्याचे लेखी हमीपत्र, जप्त होण्याआधी त्याचा जामीनदार वारला, तर त्याची मालमत्ता त्या बोजातून सुटते. दिलेल्या कर्जाचा जामीनदार वारला, तर मालमत्ता वारसांकडे जाते आणि बोजाही तिच्या पाठोपाठ जातो. याज्ञवल्क्यस्मृतीतच जामीनदाराविषयी आणखी एक नियम आहे; तो पुढे लागेल.

आता ‘भरा’ म्हणणाऱ्यांची बाजू पूर्ण जोराने मांडतो, कारण ती खरोखरच जोरदार आहे. करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या साठच्या दशकाच्या अखेरच्या खटल्यात खालच्या कोर्टाने दयाबुद्धीने एक अट घातली होती : आधी ऋणकोकडून वसूल करण्याचे सगळे उपाय करा, मगच जामीनदाराकडे या. सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. धनकोला थांबायला लावले तर हमी घेण्याचा हेतूच फसतो, हे त्यामागचे कारण. यात चूक काय आहे? जो जामीनदार अडचणीच्या वेळी हाताशी लागत नाही, तो घेतलाच कशाला? अपिलात हुकूमनाम्याला, म्हणजे दाव्याच्या निकालातल्या आदेशाला, स्थगिती मिळवताना जो जामीन राहतो, त्याच्याबाबत तर हे आणखीच खरे. दावा जिंकलेला पक्षकार त्याच्याच शब्दावर वर्षानुवर्षे ताटकळत बसलेला असतो. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४५ प्रमाणे अशा जामीनदारावर नवा दावा करावा लागत नाही. नोटीस द्यायची आणि त्याच हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, त्याच्याविरुद्ध चालवायची. ज्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्याला आता पुन्हा नव्याने दावा करा असे कुठल्या तोंडाने सांगणार?

दुसरा मुद्दा पैशाच्या मालकीचा. पतसंस्थेने दिलेले कर्ज हे रोज पिग्मी भरणाऱ्या भाजीवालीचे, मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेल्या निवृत्त शिपायाचे पैसे असतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तिथे ठेवीदाराचा विमा म्हणजे कर्जाला जामीन राहिलेला माणूस. त्याला सरसकट सोडा म्हणणारा दयाळू माणूस नकळत त्या भाजीवालीच्या बटव्यात हात घालत असतो. आणि तारण ठेवायला ज्याच्याकडे घर नाही, शेत नाही, त्याला कर्ज मिळते ते दोन जामीनदारांच्या सह्यांवर. त्या सह्यांची किंमत शून्य केली, तर उद्या तो खासगी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसेल.

मग क्रम तरी ठरवून द्या, आधी ऋणको, नंतर जामीनदार, असे काही जण सुचवतात. या कल्पनेला वंशावळ मोठी आहे. सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३५ मध्ये रोमन कायद्यात ही सवलत आणली आणि युरोपातल्या अनेक देशांच्या कायद्यांत ती अजून सापडते. कागदावर ती फार न्याय्य दिसते. पण आपल्याकडच्या दरखास्तीची गती ज्याने पाहिली आहे, तो हा आग्रह धरणार नाही. भारतातल्या पक्षकाराची खरी अडचण हुकूमनामा हातात पडल्यावर सुरू होते, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, म्हटले ते १८७२ साली. गंमत म्हणजे करार कायदाही त्याच वर्षीचा! दीडशे वर्षांनी, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असे सांगावे लागले, यावरून काय ते समजावे. ऋणकोची जमीन सामाईकात, घर बायकोच्या नावावर, गाडीवर फायनान्स कंपनीचा बोजा. ‘आधी त्याच्याकडून वसूल करून दाखवा’ अशी अट घातली, तर धनकोचा नातू येईल ती पुरी करायला. म्हणून क्रमाचा हट्ट मी सोडून देतो.

मग जामीनदाराच्या बाजूने बोलण्यासारखे उरले काय? उरले ते मौन. करार कायद्याचे कलम १३७ असे, की धनकोने ऋणकोवर नुसता दावा करायचे टाळले, तेवढ्याने जामीनदार सुटत नाही. एका हप्त्याच्या उशिराबद्दल कुणी कोर्टाची पायरी चढावी अशी अपेक्षा नसते, म्हणून नियम समजण्यासारखा आहे. पण व्यवहारात त्याचा अर्थ काय झाला? गप्प बसण्याची किंमत शून्य, वर गप्प बसल्याबद्दल व्याज. जामीनदार नोकरदार असेल, पगारपत्रक फाइलला जोडलेले असेल, तर वसुलीचा माणूस कशाला धडपडेल? थकबाकी जितकी जुनी होईल तितकी रक्कम फुगते, आणि ती रक्कम सुरक्षितच असते, कारण दुसऱ्याच्या पगारावर तिचा डोळा आहे. चांगला जामीनदार मिळाला की धनको आळशी होतो, हे वाक्य कुठल्या पाठ्यपुस्तकात नसेल; वसुली विभागात बसणाऱ्याला विचारा.

कायद्याने जामीनदाराला काहीच संरक्षण दिले नाही असे नाही. त्याच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या, त्याला बाजूला ठेवून ऋणकोला मुदत वाढवून देण्याचा करार केला, हातातले तारण धनकोने निष्काळजीपणे घालवले, तर जामीनदार पूर्ण किंवा त्या प्रमाणात सुटतो. १३३, १३५, १३९, १४१ ही ती कलमे. आता कुठल्याही छापील हमीपत्राचे मागचे पान उघडा. बारीक टायपात, बहुधा इंग्रजीत, एक परिच्छेद असतो : वरील कलमांखालचे माझे सर्व हक्क मी सोडून देत आहे. म्हणजे विधिमंडळाने एका हाताने दिले आणि छापखान्याने दुसऱ्या हाताने काढून घेतले. ‘सही करताना वाचायला काय झाले होते?’ या प्रश्नाला थोडा अर्थ आहे, पण थोडाच. वाचून ‘हे कलम खोडतो’ म्हणणाऱ्या जामीनदाराला आजवर कुणी चहा विचारला आहे का?

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि धनकोंच्या वतीने अशा नोटिसा मी स्वतः ढिगाने काढल्या आहेत, तेव्हा साळसूदपणाचा आव आणत नाही. पण एक माणूस डोक्यातून जात नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत नोटीस नीट घडी घालून घेऊन आला. खुर्चीत बसायच्या आधीच विचारता झाला, ‘साहेब, हे नेमकं कुणाचं?’ मला आधी प्रश्नच कळला नाही. मग उलगडा झाला. ऑफिसातल्या चार-पाच जणांनी एकमेकांच्या कर्जांवर सह्या केल्या होत्या. तू मला, मी तुला. कागदावर जिथे सही करायची तिथे क्लार्कने पेन्सिलने फुल्या मारून ठेवलेल्या, आणि पाच मिनिटांत काम उरकलेले. त्यांतले कुणाचे कर्ज थकले आणि केव्हा, हे त्याला नोटिशीतून पहिल्यांदा कळत होते. मुद्दलापेक्षा व्याज मोठे झालेले. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघालेला, आणि तो तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करता येतो.

ज्याने कर्ज उचलले तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. इथे कायद्याची गंमत बघा. दिवाणी संहितेच्या कलम ६० नुसार पेन्शन, ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड यांवर जप्ती येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. नोकरीतल्या माणसाच्या पगाराला मात्र जप्ती लागू शकते. पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश हिस्सा वगळून बाकीचा. (ही हजाराची मर्यादा २००२ पासून लागू आहे, हजार रुपयांत तेव्हा काय यायचे आणि आता काय येते, हे सांगायला नको.) म्हणजे ऋणको नोकरीत होता तोवर त्याचा पगार हाताशी होता, तेव्हा कुणी हललेच नाही. तो निवृत्त झाला, त्याचे पैसे कायद्याच्या भिंतीआड गेले आणि मग जामीनदाराचा पगार शोधत नोटीस निघाली. सही केल्याच्या दिवशी माझ्या माणसाने एक धोका पत्करला होता हे खरे. पण तो धोका हळूहळू खात्रीत बदलत गेला तो दुसऱ्यांच्या गप्प बसण्याने. त्याची किंमतही यानेच का द्यायची?

फौजदारी कोर्टातला हाजीरजामीन पाहिला तर हेच दुखणे जास्त उघडे दिसते. तिथे आपण माणसाची ओळख सोडून सातबारा आणि सॉल्व्हन्सीचा, म्हणजे ऐपतीचा, दाखला तपासतो. १९७८ च्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्यासाठी दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि सख्खा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सोडण्याचा आदेश दिला आणि या पद्धतीवर सडकून टीका केली. जो आरोपीला घरातून उठवून कोर्टात आणू शकतो तो भाऊ चालत नाही, आणि ज्याने त्याचे तोंड आज पहिल्यांदा पाहिले तो जमीनवाला चालतो, हा कुठला हिशेब? कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार उगवले ते याच खतावर. किती जणांना जामीन राहिलास हे जाहीर कर, अशी तरतूद २००५ मध्ये कायद्यात घालावी लागली.

खऱ्या जामीनदाराची, म्हणजे भावाची, मेहुण्याची, शेजाऱ्याची, अडचण वेगळी. खटल्याची तारीख आरोपीला कळते, वकिलाला कळते, जामीनदाराला कोण सांगतो? आरोपी चार तारखा चुकवतो, वॉरंट निघते, मुचलका जप्त होतो, आणि मग त्याच्या हातात कोर्टाचा पहिला कागद पडतो तो ‘दंड का वसूल करू नये’ अशा नोटिशीचा. रक्कम भरता आली नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. आरोपी हातातून निसटतोय असे वाटले तर जामीनदाराला कोर्टाकडे अर्ज करून आपली जबाबदारी काढून घेता येते. हा हक्क जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पण निसटतोय हे त्याला कळले तर! धाक नसेल तर आरोपीला परत कोण आणील, हा सरकारी वकिलांचा युक्तिवाद मला मान्य आहे. पण ज्याला तारीखच माहीत नाही, त्याला धाक दाखवून कोर्टाच्या पदरात काय पडते? पक्षकारांना आणि वकिलांना तारखेचा एसएमएस जाण्याची सोय ई-कोर्टात आहेच. त्याच यादीत जामीनदाराचा नंबर चढवायला नवा कायदा कशाला हवा?

कंपनीच्या प्रवर्तकांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्या आडून वाद नेहमी भरकटवला जातो. आपल्याच कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांवर दिवाळखोरी कायद्याची कारवाई करण्याची वाट २०१९ मध्ये मोकळी झाली, आणि २०२१ मध्ये ललितकुमार जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. दिवाळखोरीतून कंपनी सावरण्याची योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हेही सांगितले. बरोबरच आहे. ताळेबंदावर ज्याची सही, हप्ता बुडणार हे बँकेच्याही आधी ज्याला ठाऊक, तो अंधारात कसा? पेन्सिलच्या फुलीवर सही करणारा कारकून आणि हा प्रवर्तक एकाच कलमात बसतात म्हणून दोघांना एकच दया किंवा एकच दंडा लावायचा, हा बौद्धिक आळस आहे. ‘किती माहीत होते?’ एवढे विचारले की दोघांतला फरक आपोआप वेगळा पडतो.

यावर धनकोंचा आक्षेप ठरलेला आहे : हजारो खाती, प्रत्येक थकलेल्या हप्त्याला जामीनदाराला कुठे कळवत बसायचे? सिक्युरिटायझेशन कायद्याखाली, म्हणजे बँकेला थेट तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, साठ दिवसांची नोटीस हमीदारालाही जातेच की. जाते, पण खाते बुडीत ठरल्यावर. आग लागल्याची खबर घर जळाल्यावर दिली, तर तिला पंचनामा म्हणतात. फ्रान्सने हे फार साधेपणाने सोडवले आहे. तिथे खासगी व्यक्ती जामीन राहिली असेल, तर पहिला हप्ता थकून महिनाभरात भरला गेला नाही की व्यावसायिक धनकोने तिला कळवायचे, शिवाय दरवर्षी ३१ मार्चपूर्वी किती बाकी आहे तेही सांगायचे. नाही कळवले तर जामीनदार सुटत नाही; मुद्दल त्याच्याकडून वसूल होतेच. न कळवलेल्या काळाचे व्याज आणि दंड तेवढे त्याच्याकडून मागता येत नाहीत. आणि सही करतानाच हमीची रक्कम त्याच्या ऐपतीच्या उघडउघड बाहेरची असेल, तर कोर्ट ती ऐपतीपर्यंत खाली आणते. या व्यवस्थेने तिथल्या बँका बुडाल्या नाहीत. इथे ठेवीदाराचेही नुकसान होत नाही, उलट थकबाकी लहान असतानाच वसुलीला आणखी एक माणूस लागतो, आणि तो फुकटात! मित्राच्या डेस्कसमोर जाऊन ‘बाबा रे, माझ्या पगारावर येतंय, भर’ असे म्हणणाऱ्याइतका चिवट वसुली अधिकारी कुठली संस्था नेमू शकेल?

आता तो राहिलेला नियम. धनकोचे पैसे ज्या जामीनदाराला उघडपणे भरावे लागले, त्याला ऋणकोने दुप्पट द्यावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. आज दुप्पट कुणी मागत नाही. भरलेले पैसे ऋणकोकडून परत मिळवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १४५ मध्ये आहे (दिवाणी संहितेतले १४५ वेगळे, दोन्ही जामीनदाराविषयीच निघावीत हा योगायोग). पण तो हक्क बजावायला बहुतेक वेळा नवा दावा, नवी कोर्ट फी आणि पुन्हा पहिल्या तारखेपासून सुरुवात. धनकोने आणलेल्या दाव्यात ऋणको आणि जामीनदार दोघेही प्रतिवादी असतात, कागद तेच, हिशेब तोच. मग जामीनदाराने भरताक्षणी त्याच हुकूमनाम्यावर त्याला ऋणकोविरुद्ध दरखास्त लावता येईल, असे त्याच निकालात लिहायला काय हरकत आहे? ज्या वेगाने त्याच्याकडून घेतले, त्या वेगाने त्याला मिळवू द्या, एवढेच.

त्या प्लॅस्टिकच्या पिशवीवाल्या गृहस्थासाठी मी खातेउतारा मागवला. पहिला हप्ता थकला त्यानंतर ऋणको आणखी सव्वातीन वर्षे नोकरीत होता, याच्याच ऑफिसात, दोन टेबलं सोडून. डबाही दोघे एकत्र खात. थकबाकीबद्दल एकही पत्र याच्या नावे फाइलला नव्हते. मी विचारले, संस्थेकडे तुमचा पत्ता चुकीचा होता का? त्याने पिशवीतून आणखी एक गठ्ठा काढला. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसा, दरवर्षीची एक, अहवालासकट. त्याच पत्त्यावर आलेल्या.